टेलला पोचलेलं संत्रं

फोन पंचफुलाबाईंचा होता. हिवरखेडच्या खालच्या अंगाला, खारपाणपट्ट्यात त्यांचं गाव आहे. तिथल्या पाणी वापर संस्थेच्या त्या अध्यक्ष, आणि मी त्यांच्या कालव्याचा जुना शाखा अभियंता. निवृत्त झाल्यापासून अमरावतीत गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी घालणं एवढंच माझं सिंचन उरलं आहे. "साहेब, अवधूतभाऊ गेले," त्या म्हणाल्या. "काल सकायी उठले, चहा पेले, बगीच्यात चक्कर मारली, आन खाटेवर टेकले ते टेकलेच." हातातली झारी खाली ठेवायचंही मला सुचलं नाही. मग त्या हळूच म्हणाल्या, "मयन्याभरात पाणी सुटन. आता संत्रं कोन सोडन, साहेब?"

ऐंशी ओलांडलेला माणूस गेल्याची बातमी सांगताना कुणी असं विचारलं, तर ऐकणाऱ्याला वाटेल, बाईंना काही सुचत नाहीये. पण मला तो प्रश्न बरोबर कळला. तो तुम्हाला कळायचा तर आधी अवधूतराव कळायला हवेत, आणि अवधूतराव कळायचे तर थोडा कालवा.

सातपुड्याच्या पायथ्याला धरण आहे. त्याच्या मुख्य कालव्यातून नऊ किलोमीटरची एक छोटी शाखा फुटते, तिला आम्ही मायनर म्हणतो. मायनरचं वरचं टोक हेड, खालचं टेल. हे शब्द आता तिथल्या म्हाताऱ्या बायाही आपल्या आजीच्या तोंडचे असल्यासारखे वापरतात. हेडला विहिरींना गोडं पाणी, काळी जमीन आणि संत्र्याचे बगीचे. टेलला खारपाणपट्टा. तिथं विहीर खोदली तर असं पाणी लागतं की त्यानं पीक जळतं आणि तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवली तरी शिजत नाही. म्हणजे ज्यांच्याकडे विहिरी होत्या त्यांच्या दारात कालवा, आणि ज्यांना कालव्यावाचून दुसरं काहीच नाही ते रांगेत शेवटचे. अवधूतराव हेडचे. गेट उघडलं की पाणी ज्याच्या वावराला पहिल्यांदा भेटतं, ते वावर त्यांचं.

त्यांची माझी पहिली भेट हेडच्या गावातल्या मारुतीच्या सभामंडपात झाली. कालव्याचा कारभार शेतकऱ्यांच्या संस्थांकडे सोपवायचा, पाणी मोजून त्यांच्या ताब्यात द्यायचं आणि ते कुणाला कधी मिळेल हे त्यांनी आपसात ठरवायचं, असा कायदा झाला होता. तो समजावून सांगायला मला पाठवलं होतं. मी छापील पत्रकं वाटली आणि दहा मिनिटं छापील बोललो. अवधूतराव पुढेच बसले होते, खांद्यावर दुपट्टा, हातात काठी. माझं संपल्यावर म्हणाले, "साहेब, चेन तुटली का सायकल लहान भावाले देतात. तसा हा कालवा आमाले देऊन राह्यले का तुमी?" मंडप हसला. मीही हसलो, कारण बोलणं खोटं नव्हतं.

तेवढ्यात मागून पंचफुलाबाई उठल्या. टेलच्या गावातून चार बायांना घेऊन त्या ऑटोनं आल्या होत्या. "कालवा कोनालेबी द्या," त्या म्हणाल्या. "आमच्या वावरात पाणी येईन का, थे सांगा." अवधूतराव मान वळवून म्हणाले, "पाणी तं जाते वो बाई. माया डोयासमोर जाते. तुमी लोकं झोपून राह्यता, त्याले मी काय करू?" बाईंचा आवाज चढला नाही. "लग्न होऊन आली तवापासून म्या कालव्यात पाणी नाई पायलं. आमी त्यात सरपनाच्या तुराट्या ठेवतो." "साहेबाचं रजिस्टर पाहा ना मंग," अवधूतराव म्हणाले, आणि सगळी तोंडं माझ्याकडे वळली. रजिस्टर माझ्या मांडीवरच होतं. प्रत्येक पाणीपाळीला, म्हणजे दर वेळी पाणी सुटलं की, त्यात माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, 'टेलला पाणी पोचले.' खरी गोष्ट अशी, की मोटारसायकलचा रस्ता चौथ्या किलोमीटरच्या पुलापाशी संपत असे. तिथं पाटकरी, म्हणजे पाणी सोडणारा आमचा माणूस, म्हणायचा, पोचलं साहेब, आणि मी लिहायचो, पोचले. मी वर पंख्याकडे पाहू लागलो. पंखा बंद होता.

तेव्हा अवधूतरावांनी दुपट्ट्याच्या गाठीतून एक संत्रं काढलं. मंडपाबाहेरच्या बाभळीचा काटा मोडून आणला आणि सालीवर ठळक फुली कोरली. "उद्या सकायी आठ वाजता गेटावर हे सोडतो. जेवाच्या टायमाले तुमच्या टेलले येईन. सोलून खाजा, आन मंग मले सांगजा, गोड हाय का आंबट." त्यांना स्वतःच्या बोलण्याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. लबाड माणूस असता तर असली पैज लावलीच नसती. त्यांची चूक ही हेडच्या प्रत्येक माणसाची चूक होती. आपल्या धुऱ्यापुढे, बांधापुढे गेलेलं पाणी म्हणजे पोचलेलं पाणी, असं त्यांना मनापासून वाटायचं.

दुसऱ्या दिवशी संत्रं सुटलं. टेलला पंचफुलाबाई आणि त्यांच्या मैत्रिणी शिदोरी घेऊन कोरड्या कालव्याच्या काठावर दिवसभर बसल्या. संध्याकाळी मला फोन आला. "साहेब, संत्रं नाई आलं. पाणीबी नाई आलं. त्याईले सांगजा, आमी झोपलो नवतो."

मी निरोप दिला. सकाळी दार वाजलं. अवधूतराव पायरीवर उभे होते, रात्रभर डोळ्याला डोळा लागला नसावा. "चाला साहेब. माहं संत्रं हारपलं."

सरकारी भाषेत त्या फिरण्याला संयुक्त पाहणी म्हणतात. संस्था स्थापन होण्याआधी अधिकारी आणि शेतकऱ्यांनी मिळून सगळा कालवा पायी पाहायचा असतो. आमची पाहणी एका संत्र्याच्या शोधात निघाली. गावातली वीसेक माणसं मागे लागली. जिथं जिथं काठ फोडलेला, जिथं पाइप टाकून पाणी ओढलेलं, तिथं अवधूतराव थांबायचे आणि त्या वावराच्या मालकाला नावानं हाक मारायचे. "शरम नाई वाटत काय बे? खाली मानसं राह्यतात का नाई?" मालक मान खाली घालून मागच्या घोळक्यात सामील व्हायचा. असं करत करत घोळका चाळिसाचा झाला. मी लिहून लिहून दमलो. इतकी वर्षं ज्या कालव्याचा मी साहेब होतो, तो मी तेव्हा पहिल्यांदा पाहत होतो.

पाचव्या किलोमीटरला अवधूतरावांची चाल मंदावली. पुढचं वावर त्यांनीच थोरल्या लेकीला दिलेलं होतं आणि जावई ते कसत होते. काठ चांगला कमरेएवढा फोडलेला. फोडलेलाही आजकालचा नव्हे, दोन्ही बाजूंना गवत वाढलेलं आणि पाणी माती खाऊ नये म्हणून दगड नीट रचलेले. आत गहू असा हिरवागार की नजर ठरेना. आणि धुऱ्याशी, पाण्याच्या कडेला, संत्रं निवांत पडलेलं होतं. फुली वर. जवळच जावई हातात फावडं घेऊन उभे होते, आणि एवढी माणसं कशाला आली हे त्यांना उमगत नव्हतं.

आमच्या वऱ्हाडात जावई म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. जावयाच्या ताटातली पोळी संपली तरी सासऱ्याला अपराधी वाटतं. त्याला बोल लावणं तर दूरच, त्याच्यासमोर सासरा खाटेवर ऐसपैस बसतही नाही. आता मागे उभे असलेले चाळीसजण सकाळपासून अवधूतरावांच्या तोंडचा प्रसाद खात आलेले. आता काय होतं ते पाहायला सगळे टपलेले, आणि कबूल करतो, मीही. अवधूतराव त्या दगडांकडे पाहत म्हणाले, "जवाईबापू, तब्येत बरी हाय ना?"

"हो, मामाजी."

मामाजींनी संत्रं उचललं आणि दुपट्ट्यात बांधलं. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडला, जावयांच्या हातातलं फावडं अलगद काढून घेतलं, पाण्यात उतरले आणि फोडलेल्या काठात चिखल टाकायला लागले. जावयांचा चेहरा बघवत नव्हता. आपल्यादेखत सासरा चिखल उपसतोय, हे त्यांना कुठल्याही शिवीपेक्षा भारी पडलं. "मामाजी, तुमी नोका... मामाजी, द्या इकडे," करत तेही पाण्यात उतरले आणि स्वतःच रचलेले दगड उचलू लागले. मागचा घोळका हसायला आला होता, तो हसला नाही. एकेक माणूस पाठ फिरवून आपापल्या वावराकडे चालू लागला. माझ्या उभ्या नोकरीत नोटिसा पाठवून जेवढी भोकं बुजली नव्हती, तेवढी त्या दोन दिवसांत बुजली.

तिसऱ्या दिवशी अवधूतरावांनी तेच संत्रं पुन्हा सोडलं. ते जरा मऊ पडलं होतं. या वेळी ते गेटावर थांबले नाहीत, काठाकाठानं त्याच्याबरोबर चालले. कुठं गवतात अडकलं की काठीनं ढोसायचे आणि पुन्हा चालायचे. टेलच्या बायांनी कालव्यातल्या तुराट्या आदल्या दिवशीच उचलून ठेवल्या होत्या. दिवस कलताना पाणी आलं. पुढे वाळका पाला, फेस, जीव घेऊन पळणारे मुंगळे, आणि त्या सगळ्या कचऱ्यात डुलत ते संत्रं. पंचफुलाबाईंनी ते उचललं, पदराला पुसलं, सोललं. माणसं जास्त, फोडी कमी, म्हणून अर्धी अर्धी फोड प्रत्येकाच्या हातावर ठेवली. स्वतःची तोंडात टाकली आणि अवधूतरावांना म्हणाल्या, "गोड हाय. पन लय उशिरा आलं." अवधूतरावांनी दुपट्टा तोंडाला लावला. मला रडू येत होतं, म्हणून मी मावळत्या दिवसाकडे तोंड करून गॉगल चढवला.

संस्था झाली तेव्हा सगळ्यांनी अध्यक्ष म्हणून त्यांचंच नाव घेतलं. त्यांनी ते मोडून काढलं. "हेडच्या मानसाले अध्यक्ष केलं, तं थो पयले सोताचं ओलीत करन. मले मायीत हाय, मी हेडचाच हाओ." पंचफुलाबाई अध्यक्ष झाल्या. टेलच्या बुद्धविहाराशेजारची खोली संस्थेचं कार्यालय ठरली, आणि तिच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात ठराव लिहिला गेला, की पाणी आधी टेलला, मग चढत चढत हेडला. म्हणजे ज्यांच्या दारातून पाणी जायचं, त्या अवधूतरावांची पाळी सर्वांत शेवटी. स्वतःसाठी त्यांनी एकच काम मागून घेतलं. रब्बीतल्या प्रत्येक पाळीला गेटावर फुलीचं संत्रं सोडायचं. ते टेलला पोचून सोललं जाईपर्यंत वर कुणीही पाण्याला हात लावायचा नाही, आणि नंतरही ठरावातल्या क्रमानंच घ्यायचं. आणि ते पोचलं नाही, तर सगळ्यांनी मिळून शोधायला निघायचं. गेटावर खुर्ची टाकून हा माणूस बसलेला असायचा, आणि समोरून वाहत जाणाऱ्या पाण्याकडे त्याचीच झाडं पाहत असायची.

एकदा वरून बडे साहेब तपासणीला आले. रजिस्टर उघडून त्यांनी विचारलं, "हे काय लिहिलंय? 'संत्रे पोचले, दुपारी दीड'?" मी घसा खाकरला. अवधूतराव म्हणाले, "साहेब, तुमच्या मीटरले गंज येते, संत्र्याले येत नाई." मग त्यांनी समजावलं, की संत्रं अर्धंअधिक पाण्यात बुडून तरंगतं, वाऱ्यानं वाहवत नाही, म्हणून ते पाण्याच्याच वेगानं चालतं. किती वेळ लागला यावरून वाटेत पाणी कुठं कमी झालं तेही कळतं. साहेबांनी कागद घेतला, आकडेमोड केली, गेटावरच्या मोजपट्टीशी ताडून पाहिली आणि सही केली. जाताना दोन डझन संत्री मात्र घेऊन गेले.

माझी बायको साताऱ्याची. मुलीच्या लग्नाला अवधूतराव आले तेव्हा दारातूनच म्हणाले, "काऊन वो वहिनी, जेवाले देऊन राह्यल्या का नाई साहेबाले? मानूस सुकला ना." पाहुणे भांडायला आलेत असंच तिला वाटलं. मग त्यांनी पोतंभर संत्री उतरवली आणि मांडवातल्या खुर्च्या मोजून, कमी पडताहेत म्हणून स्वतः मागवल्या. त्यानंतर प्रत्येक हिवाळ्यात ती मला विचारायची, तुमचे ते भांडखोर कधी यायचे?

एका वर्षी धरण अर्धंही भरलं नाही. पाळ्या कमी, विहिरी आटलेल्या, आणि अवधूतरावांच्या बगीच्यानं माना टाकल्या. मुलगा चिडला, घरात बोलणं बंद झालं. पंचफुलाबाई स्वतः वर आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, यावर्षी तुमी पयले घ्या. आमी ठराव करतो." ते खुर्चीतून उठलेच नाहीत. "बाई, एकडाव काठ फोडला, का मंग थो दरवर्षी तथीच फुटते." त्या गेल्या. पण टेलच्या लोकांनी विहाराच्या अंगणात बैठक घेतली आणि त्या वर्षी गहू पेरायचाच नाही असं ठरवलं. सगळा हरभरा. हरभऱ्याला पाणी कमी लागतं, टेल लवकर उरकतं, आणि पाणी आठ दिवस आधी हेडला चढतं. बगीचा वाचला. कागदावर मी लोकसहभाग हा शब्द पुष्कळ लिहिला आहे, त्याचा अर्थ मला त्या अंगणात कळला. अवधूतरावांनी पुढे महिनाभर पंचफुलाबाईंना फोन केला नाही. लाजले होते.

...तर आता तुम्हाला कळेल, बाईंनी मला काय विचारलं होतं. संत्रं हे निमित्त होतं. तो म्हातारा खुर्चीतून उठला, की हेडचे लोक ठराव पाळतील का? हेडला आता नवी पिढी आहे, ठिबक आहे, बगीचे वाढलेत. अवधूतदादाजी होते तवाची गोष्ट येगयी, असं कुणीतरी बोलल्याचं बाईंच्या कानावर आलं होतं. टेलला गहू पेरून झाला होता.

पाणी सुटायच्या दिवशी मी अमरावतीहून पहाटेची एसटी धरली. वाटेत ठरवलं, कुणीच काही केलं नाही तर आपण सोडू, म्हणून बसस्टँडवर एक संत्रं विकत घेतलं. गेटावर पोचलो तर खुर्ची तिथंच होती, रिकामी. तिच्याभोवती माणसं उभी होती, आणि प्रत्येकाच्या हातात एकेक संत्रं. कोण सोडणार हे कुणी ठरवलंच नव्हतं, त्यामुळे प्रत्येकानं आपण सोडू म्हणून आणलं होतं. तरण्या पोरांनीसुद्धा. जावईही होते, आता तेच साठीचे झालेले. त्यांच्या संत्र्यावर फुली होती. कोण सोडतं यावर थोडी हुज्जत झाली, आणि मग सगळ्यांनीच सोडली. एकतीस. मी माझं खिशातच ठेवलं, विकतचं होतं.

मी मोटारसायकलवर मागे बसून टेलला गेलो. रस्ता आता शेवटपर्यंत झाला आहे. दुपारी पाणी आलं आणि पाठोपाठ संत्री यायला लागली, एक, दोन, मग घोळक्यानं. पंचफुलाबाई कमरेवर हात ठेवून पाहत राहिल्या. "हे काय वो साहेब? बगीचाच सोडला का?" त्यांना हसू आवरेना आणि डोळे पुसणंही आवरेना. बायांनी संत्री विहाराच्या पायऱ्यांवर मांडली. तीस भरली. एक कमी होतं. फुलीचं नव्हतं आलेलं.

हसणं थांबलं. तेवढ्यात वरून जावई आले होते, त्यांनी पायऱ्यांवरची संत्री पाहिली. फावडं खांद्यावर टाकलं आणि काठाकाठानं वर चालू लागले. आम्ही वाट पाहत बसलो, कुणी संत्र्याला हात लावेना. दिवस कलला तेव्हा ते परतले. फावड्याला चिखल नव्हता आणि हातात फुलीचं संत्रं होतं. "काठ चांगला हाय," ते म्हणाले. "गवतात अडकलं होतं. आपल्या वावरापाशी, तथीच." मग खाली पाहत म्हणाले, "मामाजी पाहाले थांबले असतीन."

कुणीतरी म्हणालं, हे सोलू नका, भाऊंच्या फोटोपुढे ठेवू. पंचफुलाबाई म्हणाल्या, "ठेवाले थो काय देव होता? नाई सोललं तं वरचे लोक पाण्याले हात लावनार नाईत." त्यांनी ते पदराला पुसलं, सोललं, आणि अर्धी अर्धी फोड वाटली. खोलीत जाऊन रजिस्टर आणलं आणि ते संस्थेच्याच माणसानं भरायचं हा नियम मोडून पेन माझ्या हातात दिलं. त्या पानांना जुन्या संत्र्यांचे पिवळे डाग आहेत, वासही आहे. मी वेळ लिहिली, खाली लिहिलं, 'टेलला पाणी पोचले', आणि पुढे कंसात, 'स्वतः पाहिले'. मग हेडला फोन लावला आणि सांगितलं, पोचलं, घ्या आता पाळीपाळीनं.